कात्रण फलकावर लागलं आहे

महोदय,

स.न.वि.वि.

मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या आजारावरचा परवाच्या पुरवणीतला लेख आमच्या सेक्रेटरींनी कापून सोसायटीच्या फलकावर डकवलाही. खाली लाल पेनानं : ‘मांजरांना खायला घालू नये.’ आपल्या लेखाचा इतका झटपट परिणाम बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. अभिनंदन!

लेखात सगळीकडे ‘विषाणू’ छापलंय. हा आजार ज्यानं होतो तो बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू आहे. गरोदर बायकांनी ज्याला जपायचं तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. तोही त्याच चौकटीत कोंबलात. आणि पिसवांचं नाव नाही! एका मांजराकडून दुसऱ्याकडे हा जिवाणू पिसवाच नेतात, त्यांची घाण नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्या अंगात शिरते. मांजराला पिसवांचं औषध लावा, एवढं एक वाक्य जड झालं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं स्कूटरखालचं पिल्लू उचललं. मनगटावर ओरखडा, आठवड्यानं तिथे बारीक पुळी, आणि तीन आठवड्यांनी काखेत लिंबाएवढं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. अंगात कणकण. आपल्याकडे गाठ म्हटली की आधी टीबी. छातीचा एक्स-रे झाला, हातावर टीबीची सुई झाली, मग गाठीत सुई. ठरलं काहीच नाही, तरी सहा महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी तयार! बहिणीनं देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. ती चिठ्ठी घेऊन आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘घरी मांजराचं पिल्लू आहे का रे?’ इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग रक्ताची तपासणी, पाच दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन हे जिवाणूंवरचं औषध; गाठ दोनेक महिन्यांत विरली. पिल्लाचा आता बोका झालाय आणि भाच्याच्याच उशीवर झोपतो.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा आजार जड जाऊ शकतो, हे लेखात बरोबर आहे. पण गाठ आली तर मांजराचं डॉक्टरांना आपणहून सांगा, हे कोण लिहिणार?

कात्रण काढा म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतात, ‘पेपरात आलंय.’ तेव्हा दुरुस्ती छापाल तर जाहिरातींच्या खाली बारीक अक्षरांत नको. मला ती फलकावर लावायची आहे.

– एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. लेखासोबतचा फोटो उदमांजराचा आहे. ते मांजराच्या कुळातलंसुद्धा नाही.