लेखनाच्या कामालाही इसार हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नाचे कार्यालय इसार दिल्याशिवाय मिळत नाही, आचारी सामानाच्या यादीबरोबरच आगाऊ रक्कम घेतो आणि यात त्या घरच्या कोणालाही अपमान वाटत नाही. लेखकाने मात्र कामाआधी निम्मे पैसे मागितले, की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे ऐकावे लागते. गेली बारा वर्षे स्मरणिका, माहितीपुस्तिका आणि भाषांतरे यांवर माझे घर चालते, म्हणून हे लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम मी तोंडी बोलण्यावर घेतले. जुनी इतिवृत्ते चाळणे, वयोवृद्ध सभासदांना घरी जाऊन भेटणे, तीनदा मुद्रिते तपासणे यांत अडीच महिने गेले. प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ मिळाले. बिल मात्र ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून मागे पडले. दरम्यान संचालक मंडळ बदलले आणि नव्या मंडळींनी विचारले, ‘हे काम तुम्हाला देण्याचा ठराव कुठे आहे?’ अकरा महिन्यांनी धनादेश आला, तोही ठरल्यापेक्षा कमी रकमेचा. त्या वर्षी मुलीची फी मी उसने पैसे घेऊन भरली.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे खरे. काम घेण्यापूर्वी छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण ही दाद पैसे थकल्यानंतरची आहे, आणि पुढचे काम ज्यांच्याकडून मिळायचे त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला एकटा लेखक धजावत नाही. ग्राहकाने न नेलेला सदरा शिंप्याकडे तरी उरतो. एका संस्थेच्या इतिहासावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नसतो आणि एकदा ईमेलने पाठवला की परतही घेता येत नाही.

म्हणून आता नव्या ग्राहकाकडून मी निम्मी रक्कम आधी, पाव पहिल्या खर्ड्याला आणि उरलेली अंतिम प्रत देण्यापूर्वी घेते. लेखक पैसे घेऊन गायब झाला तर, ही ग्राहकाची शंकाही रास्तच आहे. त्यामुळे तारखा, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि काम न झाल्यास परतफेड हे सारे एका पानाच्या पत्रात लिहून दोघांच्या सह्या होतात. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते, म्हणून पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क ग्राहकाकडे जातील, हेही त्यातच नमूद असते.

स्मरणिका काढणाऱ्या संस्थांना विनंती आहे, की छपाई आणि मंडपाच्या आगाऊ रकमेला मंजुरी देणाऱ्या ठरावातच लेखनाच्या आगाऊ रकमेचीही तरतूद करावी.

आपली विश्वासू,
एक मुक्त लेखिका, पुणे