चेस्टरफील्डचा वाकडा कळस

प्रिय सई,

खोली मिळाली, सामान लागलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता थंडी वाढायच्या आत एक कर. शेफिल्डहून लंडनच्या गाडीत बस आणि चेस्टरफील्डला उतर. माझं लहानपण त्या गावात गेलं. तुझे आजोबा तिथल्या इस्पितळात डॉक्टर होते.

सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा कळस तुला गाडीतूनच दिसेल. 228 फूट उंच, 45 अंशांनी पिळलेला आणि टोकाशी साडेनऊ फूट कललेला. लंडनहून परतताना तो दिसला की आजी गाडीतच हात जोडायची. वारीच्या वाटेवरच्या गावात वाढलेली ती; कळस दिसला म्हणजे दर्शन झालं, मग देव कुणाचाही असो.

शाळेत आम्हाला सांगायचे, बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाला नाल ठोकताना खिळा मांसात घातला. तो कळवळत उधळला आणि जाताजाता कळसाला लाथ बसली. मी ती गोष्ट घरी रंगवून सांगितली. आजोबा म्हणाले, खरी हकिकत याहून भारी आहे, आणि शनिवारच्या बाजारात, आजी भाजी घेत होती तेवढ्यात, वर बोट दाखवून त्यांनी ती सांगितली. चौदाव्या शतकातला लाकडी सांगाडा, तोही ओल्या लाकडाचा. त्याला आतून तिरपे आधार पुरेसे नाहीत. वर सुमारे 33 टन शिशाचे पत्रे. दक्षिणेची बाजू उन्हाने तापून फुगते, उत्तरेची तेवढी फुगत नाही. प्लेगात कसबी सुतार मेले, म्हणून काम कच्चं राहिलं, असंही तिथे सांगतात. सैतानाची लाथ एका क्षणात संपते; लाकूड मात्र माणसांच्या कितीतरी पिढ्या बाजार करत असताना त्यांच्या डोक्यावर वळत राहिलं. मला आजही आजोबांचीच गोष्ट जास्त अद्भुत वाटते.

1961 च्या डिसेंबरात चर्चला आग लागली होती. ऑर्गन जळाला, कळस वाचला. शेजारच्या आजीबाई ती रात्र सांगताना माझा हात घट्ट धरायच्या. गावाचा त्या कळसावर फार जीव. फुटबॉल संघाचं लाडकं नावसुद्धा त्याच्यावरूनच पडलंय, ‘स्पायराइट्स’.

मनोऱ्यावर माहीतगारासोबत चढता येतं. वेळ आधी विचारून घे, पायऱ्या अरुंद आहेत, बूट चांगले घाल. स्टेशनबाहेर रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा आहे. 1848 मध्ये तो याच गावी वारला. माझ्या वेळी तो पुतळा नव्हता, त्याचाही फोटो पाठव.

तुझी,
आई