सगळीकडे इन्हेरिटन्सच का?

मा. संपादक,

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हटलं की पोरांना आधी इन्हेरिटन्सच (एका क्लासने, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याने, दुसऱ्याचे गुण वारशाने घेणं) शिकवतात आणि मग ती जिथे तिथे तेच वापरतात, हे मनापासून खटकतं. आधी विचारायला हवं ना, की हे ऑब्जेक्ट दुसऱ्याचा प्रकार आहे की ते त्याच्याकडे नुसतं असतं? जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलंच बघा, तिथे स्टॅक हा व्हेक्टरचा (म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या यादीचा) सबक्लास, म्हणजे वारस क्लास, केलाय, म्हणजे वरूनच घाला वरूनच काढा हा स्टॅकचा नियम, पण व्हेक्टरच्या मेथड्स (त्याची कामं करणारी फंक्शन्स) आयत्या मिळाल्यामुळे कुणीही मधेच एलिमेंट घुसवू शकतं, आणि जुना कोड तुटेल म्हणून आता ते बदलताही येत नाही. स्टॅकने आत एक व्हेक्टर ठेवला असता तर प्रश्नच नव्हता.

अ‍ॅग्रिगेशन आणि कंपोझिशनचंही तेच, म्हणजे एक ऑब्जेक्ट दुसऱ्याचा भाग असण्याचे अनुक्रमे सैल आणि घट्ट प्रकार. यूएमएलमध्ये (सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या पद्धतीत) एकाला पोकळ डायमंड, दुसऱ्याला भरीव, एवढंच पाठ करून घेतात. पण खरा मुद्दा कोण कोणाशिवाय टिकतं हा आहे, ऑर्डर डिलीट झाली की तिच्यातले आयटमही जातात (हे कंपोझिशन), टीम बरखास्त झाली तरी प्लेयर राहतोच (हे अ‍ॅग्रिगेशन). हे नीट ठरवलं नाही तर डेटाबेसमध्ये बेवारस रेकॉर्ड साचतात, नाहीतर नको तेच डिलीट होतं. परीक्षेत आकृतीपेक्षा हे विचारा, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक