बाय, त्यांना बोलू दे

म्हापसा,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन तू ठेवलास की मी, ते आठवत नाही. जेवण मात्र तसंच राहिलं. तुझी आई म्हणाली, "लिहून काढा. बोलताना तुम्ही दोघंही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही." भांडणाचा विषयही नेमका तोच होता, हे तिला कळलं असणारच. आज रविवार, छापखाना बंद. समोरच्या शेडमध्ये वाड्यावरची पोरं नरकासुराचा सांगाडा बांधतायत, कर्ण्यावर गाणी चालू आहेत, म्हणून मागच्या खोलीत येऊन बसलोय.

आधी तुझं म्हणणं मला नीट कळलंय का ते बघ. तिकडे ब्रिटनमध्ये, तुमच्या विद्यापीठात, पुढच्या महिन्यात एक बाई व्याख्यानाला येणार आहेत. बाई कोण हे शरीरावरून ठरतं, माणूस स्वतःला काय मानतो त्यावरून नाही, असं त्यांचं मत. तुमच्या गटाचं म्हणणं, व्याख्यान रद्द करा, नाहीतर आम्ही दार अडवू. तुझ्या मैत्रिणीच्या जन्मदाखल्यावर मुलगा लिहिलंय आणि ती मुलगी म्हणून जगते. एप्रिलमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यातली 'स्त्री' म्हणजे शरीराने स्त्री. तेव्हापासून बाहेर कुठे संडासला जायचं तरी तिला दोनदा विचार करावा लागतो. निकाल वाचून दाखवताना न्यायाधीशांनी असंही सांगितलं की हा एका बाजूचा दुसरीवर विजय समजू नये, आणि तिच्यासारख्यांना भेदभावाविरुद्ध जे संरक्षण होतं ते तसंच आहे. पण संडासाच्या दारात उभ्या माणसाला न्यायाधीशांचं ते वाक्य काय कामाचं, हे तुझं बरोबर आहे.

आणि मग तू म्हणालीस, "बाबा, हा वादविवाद नाही. ती आहे की नाही यावर मतदान चाललंय."

हे मला झोंबलं. कारण असं मतदान आमच्यावर झालंय, आणि आम्हीही दुसऱ्यांवर केलंय.

आपल्या घरात आजी कोंकणी बोलते आणि पोथी मराठीत वाचते. मी तुझ्याशी कोंकणीत भांडलो आणि हे पत्र मराठीत लिहितोय. यात आपल्याला कधी काही विचित्र वाटलं नाही. पण माझ्या तरुणपणी कोंकणीवाल्यांच्या सभांमधून सांगितलं जायचं, तुमची मातृभाषा मराठी नाहीच, तुम्ही स्वतःला फसवताय. आणि आमची मराठीवाली माणसं उलट सांगायची, कोंकणी ही भाषाच नव्हे, मराठीची बोली. साहित्य अकादमीने कोंकणीला १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, तरी आम्ही तेच म्हणत होतो. समोरच्याला तो कोण आहे हे आपण सांगायचं, आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यायचं! तेव्हा आम्हाला तो विचार वाटायचा. आज वाटतं, तुझी मैत्रीण जे ऐकते त्याच जातीचं ते काहीतरी होतं. अर्थात फरक आहे, तू सांगायच्या आधी मीच सांगतो. कोंकणी बोलतो म्हणून माझ्या पाहण्यात कुणाला घरच्यांनी बाहेर काढलं नाही, रात्री रस्त्यावर कुणी अंगावर धावून आलं नाही. तिला हे दोन्ही सोसावं लागलंय.

१९८६ ची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी एकोणीस वर्षांचा होतो. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलेलं, कॉलेजात तास होत नव्हते. इथेच एका सभागृहात कोंकणीवाल्यांची सभा ठरली. आम्ही वीस-पंचवीस जण आधीच जाऊन मधल्या रांगांत बसलो. बोलायला उभे राहिले ते आमचे शाळेतले गणिताचे सर. त्यांनी चष्मा लावला, कागद उलगडला, आणि आम्ही उठून घोषणा सुरू केल्या. ते थांबले. आम्ही बसलो. त्यांनी तोंड उघडलं की आम्ही पुन्हा उभे. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मागच्या दाराने गेले. आम्ही बाहेर येऊन सोडा प्यायलो. एवढा आनंद मला बारावीच्या निकालानेही झाला नव्हता.

कोंकणीला राजभाषा करणारा कायदा व्हायचा तो ४ फेब्रुवारी १९८७ ला झालाच. आमच्या ओरडण्याने त्यातला कानामात्रा हलला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी सर मुलीची लग्नपत्रिका छापायला आपल्याकडे आले, मजकूर कोंकणीत. मी स्वतः खिळे जुळवले, मुद्रितं दाखवायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, एक अनुस्वार सुधारला. त्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. आता ते नाहीत. त्या कागदावर काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

तुझे आजोबा माझ्यापेक्षा शहाणे होते. ते पोर्तुगीज राजवटीत छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, म्हणून राबलेले. तेव्हा साधी लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सरकारला दाखवावा लागे. नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव तपासून बघणारं सरकार! १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया उभे राहिले ते याच्याविरुद्ध. सभा भरवायचा आणि बोलायचा हक्क, ही त्या दिवसाची मागणी होती. म्हणून आजोबा एक नियम पाळत, आलेला मजकूर आपल्याला पटतो की नाही हे छपाईच्या दरात धरायचं नाही. १९६७ च्या जनमत कौलात ते कट्टर विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा म्हणणारे, 'झालाच पाहिजे'वाले, फुलावर शिक्का मारणारे. तरी गोवा वेगळाच ठेवा म्हणणाऱ्यांची, 'दोन पानं' या निशाणीची पत्रकं त्यांनी त्याच ट्रेडल छपाईयंत्रावर छापली. सकाळी फूल, दुपारी पानं, मध्ये शाईचा रोलर पुसायचा. भाऊबंदांनी महिनाभर बोलणं टाकलं. कौल विरुद्ध गेला, ३४,०२१ मतांनी. आजी सांगते, त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोन पानांवाल्यांच्या आभारपत्रकाची ऑर्डर घेतली, आणि रोख पैसे मागितले. एवढा राग मात्र ठेवला.

आता तुमच्याकडचं. ससेक्स विद्यापीठाच्या कॅथलीन स्टॉक यांचं नाव तूच घेतलंस. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका, मत याच पाहुण्या बाईंच्या जवळपासचं. २०२१ च्या ऑक्टोबरात तोंडं झाकलेल्या मुलांनी आवारात त्यांना काढून टाका म्हणून पोस्टरं लावली, आणि महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. तुमचे लोक याला विजय म्हणतात. पुढे काय झालं? मे २०२३ मध्ये त्याच बाई ऑक्सफर्ड युनियन या वादसभेत बोलायला गेल्या. एका आंदोलकाने स्वतःचा हात जमिनीला गोंदाने चिकटवला. पोलिसांनी तो सोडवला आणि भाषण पुढे चालू झालं. भाषणात काय होतं ते कुणाला आठवत नाही, गोंद सगळ्यांना आठवतो. टोरांटोचा प्राध्यापक जॉर्डन पीटरसन याचंही तेच. कायद्याच्या धाकाने मी कुणाला हवी ती सर्वनामं वापरणार नाही, असं तो २०१६ मध्ये म्हणाला, मुलांनी त्याच्या सभेत गोंगाट केला, आणि आज म्हापशाच्या बाजारातला पोरगासुद्धा त्याचे व्हिडिओ बघतो. लिंगओळखीवरून भेदभाव करू नका म्हणणारा तो कायदा २०१७ मध्ये पास झाला, हे मात्र त्या पोराला माहीत नसतं.

मला मोर्च्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटते. यंदा मार्चमध्ये तिथल्या विद्यापीठांच्या नियामकाने ससेक्स विद्यापीठाला ५,८५,००० पौंड दंड केला, तो मुख्यतः एका लिखित धोरणापायी. अभ्यासक्रमातल्या साहित्यात ट्रान्स व्यक्तींचं चित्रण सकारात्मकच असावं, असं त्यात होतं. विद्यापीठ त्याविरुद्ध कोर्टात गेलं, तो भाग वेगळा. पण छापखानेवाल्याच्या कानाला 'असावं' हा शब्द ओळखीचा आहे. ज्याने हे लिहिलं त्याचा हेतू चांगलाच असणार. आजोबांच्या वेळच्या सेन्सॉरलाही आपला हेतू चांगलाच वाटत होता. आणि हा शब्द एका बाजूच्या मालकीचा नाही. फ्लोरिडात २०२२ मध्ये दुसऱ्या बाजूने कायदा केला, तिसरीपर्यंतच्या वर्गात लिंगओळखीबद्दल शिकवायचंच नाही. ऑक्सफर्डमधल्या भाषणस्वातंत्र्यासाठी गळा काढणाऱ्यांपैकी किती जण यावर बोलले? तुझा त्यांच्यावरचा संशय खोटा नाही.

पण तोंड बंद करायचं हत्यार शेवटी कुणावर चालतं, ते बघ. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं १९२७ मध्ये. लोक लैंगिक प्रश्न पत्राने विचारायचे, कर्वे लाजेचा आव न आणता उत्तरं द्यायचे. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही होते. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. विषय लैंगिक आहे म्हणून अश्लील कसा, असा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तुझ्या मैत्रिणीसारख्या माणसाला तेव्हा आपल्याबद्दल दोन शब्द छापील वाचायचे असते, तर ते तिथेच मिळाले असते. आणि 'समाजाच्या भावना दुखावतात' म्हणत ते बंद पाडायला निघालेले लोक वाईट नव्हते गं, चांगल्या घरातले, पूजा करून कोर्टात आलेले.

आपल्या सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकाल तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तृतीयपंथीयांना मान्यता दिली एवढंच बहुतेकांना माहीत असतं. मी तो यंदा पहिल्यांदा वाचला, तुझ्यामुळे, आणि एका जागी थांबलो. माणसाने आपलं लिंग कपड्यांतून, शब्दांतून, वागण्यातून व्यक्त करणं, हे कोर्टाने कुठे बसवलं? राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये. भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. म्हणजे तुझ्या मैत्रिणीसारखी इथली कुणी साडी नेसली तर तिच्या पाठीशी जे कलम उभं राहील, त्याच कलमावर त्या व्याख्यानवाल्या बाईंसारखी इथली कुणी बाईही उभी राहील. एकीच्या पायाखालून ते ओढलंस तर दुसरीही पडते.

तू विचारलंस, "आणि तिला झोप लागत नाही त्याचं काय?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. शब्दांनी काही होत नाही असं मी म्हणणार नाही, जन्मभर शब्दच छापलेत. तिचा पत्ता कुणी इंटरनेटवर टाकला, कुणी पाठलाग केला, रोज वर्गात मुद्दाम जुन्या नावाने हाका मारून हैराण केलं, तर ते मत नव्हे, छळ आहे. तक्रार कर, वकिलाचे पैसे मी पाठवतो. पण तिकीट काढून सभागृहात जाऊन ऐकायचं व्याख्यान ही वेगळी गोष्ट. तिने त्या रात्री तिकडे फिरकू नये. तू तिच्याबरोबर घरी राहा, तिला सोलकढी करून दे. किंवा दाराबाहेर फलक घेऊन उभी राहा, घसा बसेपर्यंत ओरड, आणि शेवटी आत जाऊन असा एक प्रश्न विचार की त्यांना पाण्याचा पेला शोधावा लागेल. फक्त दार अडवू नकोस. आणि त्यांचं पुस्तक वाच. "वाचायची गरज नाही" असं तू म्हणालीस ना, फोनवर माझा आवाज चढला तो तिथे.

एक राहिलंच. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर आजीने तुझ्या मैत्रिणीला बघून विचारलं, "तें बरें आसा?" आणि तुझा चेहरा पडला. तुला वाटलं आजीने तिला नपुंसकलिंगी केलं. अगं, तुलाही ती तेच म्हणते. 'बाय खंय गेलें', 'तें जेवलें काय ना'. आपल्याकडे घरातली लाडकी मुलगी ही 'तें'च असते. जगभर सर्वनामांवरून डोकी फुटतायत आणि तुझ्या आजीने तिला एका शब्दात घरातल्या मुलींत घेऊन टाकलं, तिलाही न कळता. मी मात्र अजून अडखळतो. दोनदा 'तो' म्हणालो, क्षमा माग तिची माझ्या वतीने. मराठीत पळवाट नाही, क्रियापदसुद्धा चहाडी करतं. तिला 'मी आले' म्हणायला शिकव. ते तिचं तिनेच म्हणायचं असतं, मग माझी जीभ आपोआप वळेल.

फलकाचा फोटो मिळाला. त्यात एका शब्दाचं स्पेलिंग चुकलंय, दुसऱ्या ओळीत. पुढच्या वेळी मजकूर आधी मला पाठव, छापून देईन. मला पटला नाही तरी.

फराळाचा डबा सोमवारी कुरिअरला देतोय. नाताळात दोघी येताय हे आजीला सांगितलं. ती कालपासून एकच विचारतेय, "तें नुस्तें खाता काय ना?" मासे खाते की नाही, तिला विचारून कळव.

तुझा,
बाबा