‘काही जवान’ म्हणजे किती?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सोमालियाची राजधानी मोगादिशू इथे अमेरिकी फौज अडकली त्या लढाईवरचा. त्याच दिवशी लिहिणार होतो, पण रागात लिहिलेलं पत्र त्याच दिवशी टपालात टाकू नये असं आमचे वडील सांगायचे, म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग गेलेला नाही.

लेख अर्ध्या पानाचा आहे. नकाशा आहे, हेलिकॉप्टरचं छायाचित्र आहे, मारल्या गेलेल्या १८ अमेरिकी सैनिकांचा आकडा ठळक अक्षरांत आहे. पडलेल्या वैमानिकाला वाचवायला स्वतःहून खाली उतरलेल्या दोघांची नावं आणि त्यांना मरणोत्तर मिळालेलं पदक, हेही आहे. असायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खालच्या चार ओळींच्या चौकटीबद्दल आहे. तिच्यात तुम्ही लिहिलं, ‘जाफना विद्यापीठावरील अशाच एका चकमकीत काही भारतीय जवान शहीद झाले.’

काही.

आमच्या घरी अंक सकाळच्या एसटीने येतो. आईला वाचता येत नाही. वय ऐंशीच्या घरात. सैनिकांचा फोटो दिसला की ती अंक हातात घेते आणि दरवेळी एकच विचारते, ‘मोठ्याचं नाव हाये काय रे त्याच्यात?’ मोठा म्हणजे माझा थोरला भाऊ. श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेत तो होता. १९८७ च्या ऑक्टोबरात तिथल्या जाफना शहराच्या वाटेवर मारला गेला. चौकटीवर बोट ठेवून तिने विचारलं तेव्हा मी वाचून दाखवलं, ‘काही भारतीय जवान’. ती म्हणाली, ‘काही म्हणजे किती?’ मला उत्तर माहीत होतं. तुम्हाला का माहीत नसावं?

आकडा मी सांगतो. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री एमआय-८ हेलिकॉप्टरांतून आपले जवान विद्यापीठाच्या मैदानावर उतरवले. तमिळ वाघांचे, म्हणजे एलटीटीईचे, पुढारी तिथे जमणार अशी खबर होती. आधी पॅरा कमांडोंनी मैदान धरायचं, मग शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या फेऱ्याफेऱ्यांनी आणायच्या, असं ठरलं होतं. पण आपले बिनतारी संदेश समोरच्यांनी आधीच ऐकले होते. मैदानाभोवती ते बंदुका लावून बसले होते. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. १३ शीख लाइट इन्फंट्रीचे फक्त ३० जण खाली उतरले होते. त्यांच्या मदतीला कुणी पोचू शकलं नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ उलटेपर्यंत, दारूगोळा होता तोवर ते लढले. तिसांतले २९ गेले, एक जण कैद झाला. कमांडो पुढे वस्तीत शिरले होते. गल्ल्यांत, घराघरांतून त्यांच्यावर गोळ्या आल्या. त्यांच्यातले ६ गेले. उरलेल्यांना सोडवायला रणगाडे पाठवावे लागले, आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले म्हणून ते रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून नेले.

एकोणतीस आणि सहा, पस्तीस. ही चकमक होती का? आणि तुमच्या मथळ्यात मोगादिशूच्या कारवाईला ‘शहरात फसलेली पहिली हेलिकॉप्टर मोहीम’ म्हटलं आहे. मोगादिशूची तारीख ३ ऑक्टोबर १९९३. जाफना त्याच्या सहा वर्षं आधी, त्याच महिन्यात. लिहिणाऱ्याने दोन तारखा शेजारी ठेवल्या असत्या तरी हा मथळा बदलावा लागला असता.

दोन्ही ठिकाणी चूक मात्र सारखीच झाली, आणि तिच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. थोड्या वेळात जाऊन माणूस उचलून आणू, हा हिशेब. मोगादिशूला अमेरिकी सैनिक तासाभराचं काम समजून निघाले, बरेच जण रात्री पाहण्याच्या दुर्बिणी मागे ठेवून गेले, आणि सुटका झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडचा कोणताही शेतकरी हे सांगेल. जागलीला असताना रानडुकरं तुरीत शिरली तर आपण धुऱ्यावरून डबा वाजवतो, फटाका लावतो. उभ्या तुरीत रात्री आत शिरत नाही, कारण आत गेलं की दोन हातांवरचं दिसत नाही आणि डुकराला त्यातली प्रत्येक वाट ठाऊक असते. शहराच्या गल्ल्या तशाच. ज्यांचं घर तिथे आहे त्यांना कुठून निघायचं ते माहीत असतं. वरून हेलिकॉप्टर आलं की अख्खं शहर जागं होतं. गल्ल्यांचं हे मी कुठे वाचलेलं नाही, भावाच्या पत्रातून समजलं.

त्याचं ते पत्र सप्टेंबरचं आहे, ५६ एपीओ हा लष्करी टपालाचा पत्ता असलेलं. अजून लढाई सुरू झालेली नव्हती. तमिळ बायांनी आम्हाला हार घातले, असं त्यात आहे. ‘इथे गल्ल्या आपल्या पांदणीएवढ्या, दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची कुपाटी. पलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही,’ असंही आहे. हार घालणारे आणि गोळ्या झाडणारे यांच्यात एका महिन्याचं अंतर होतं. विद्यापीठावरच्या रात्रीनंतर पलालीच्या लष्करी तळावरून ज्या तुकड्या जाफन्याकडे निघाल्या त्यांतल्या एकीत तो होता. रस्त्यातल्या सुरुंगाने गेला. तेवढं अंतर कापायला फौजेला जवळपास दोन आठवडे लागले.

जुलैत तो निघाला तेव्हा दारव्हा-मोतीबाग स्टेशनावर मी त्याची ट्रंक उचलून दिली होती. शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने पुढे. तार आली ती दिवाळी उलटल्यावर. त्या दिवशी आमच्या वावरात सीतादही होतं. पराटीतल्या पहिल्या वेचणीची पूजा, दहीभात ठेवलेला, आई ओटी बांधून उभी. पोस्टमन धुऱ्यावर सायकल टाकून आला. तार इंग्रजीत. गावात ती वाचू शकणारे शाळेचे गुरुजी एकटेच. ते वावरापर्यंत आले, त्यांनी ती मनातल्या मनात दोनदा वाचली आणि आईकडे न पाहता वडिलांना म्हणाले, ‘घरी चला.’ त्या वर्षी पहिली वेचणी झालीच नाही. बोंडं तशीच गळाली. देह आला नाही, अस्थी आल्या, आणि एक ट्रंक. तीच, मी उचलून दिलेली.

श्रीलंकेत गेलेल्यांच्या बाबतीत हे नवीन नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. राजकारण काय असेल ते असो. अकराशेहून अधिक माणसं तिकडे राहिली. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळालं. ते महार रेजिमेंटचे. आपल्या विदर्भातली किती पोरं या रेजिमेंटमध्ये भरती झाली आणि होतात, हे तुमच्या जिल्हा आवृत्तीला मी सांगायची गरज नसावी. त्यांचं नावसुद्धा चौकटीत नाही.

आणि माणसं न मोजण्याची ही सवय एकट्या आपल्या जवानांपुरती नाही, हेही लिहितो. मोगादिशूत त्या रात्री अडकलेल्यांना बाहेर काढायला मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानचे रणगाडे गेले. त्या दोन्ही देशांचा एकेक सैनिक मेला. लेखात दोघेही नाहीत. सोमाली माणसं किती मेली, याचे अंदाज तीनशेपासून हजारापर्यंत जातात. तुम्ही ‘अनेक’ लिहून मोकळे झालात. जाफन्याच्या रुग्णालयात त्याच दिवाळीत आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मेले. मी मेलेल्या जवानाचा भाऊ असून हे लिहितो, कारण त्यांच्याही घरी कुणीतरी ‘किती’ असं विचारलं असेल. मोगादिशूच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, सोमालियातल्या बैदोआ इथे आपल्या फौजेचे तीन डॉक्टर मारले गेले. सोमालियावर अर्धं पान लिहिताना त्यांना एक ओळ मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

माहिती मिळत नाही, असं कृपया कळवू नका. नावं कोरलेली आहेत. कोलंबोजवळ कोट्टे इथे स्मारक आहे. दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. तिथल्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर एकेकाचं नाव आहे. मी तिथे जाऊन आलो. अर्धा दिवस शोधलं, सापडलं. फोटो काढून आणला तर आईने फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हात पुरते काय तिथवर?’ पुरतो, म्हटलं. मग ती काही बोलली नाही.

आता पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. नोव्हेंबर तोंडावर आला आहे. आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा महिना. मागच्या वर्षी तालुक्याच्या बँकेत तिला तीन वेळा नेलं. यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. साठ वर्षं कापूस वेचलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहत नाहीत. बोंडाच्या टोकांनी त्या झिजतात, आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची हीच गत आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. तिसऱ्या खेपेला चेहऱ्यावरून ओळख पटवून काम झालं, पाच मिनिटांत. मग पहिल्या दोन खेपा कशासाठी? दारव्ह्याला जायला ऑटोचे पैसे, वाट पाहायला बाकडं नाही. तिने समोरच्या पायरीवर बसून काढले ते तास. ज्याच्या पेन्शनसाठी ती बसली होती तो तर तुमच्या ‘काही’मध्येही नाही. यावर बातमी करा. वार्ताहर पाठवला तर मी त्याला पाच घरं दाखवतो.

माझं मागणं मोठं नाही. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापावी. ‘काही’ खोडून २९ आणि ६ लिहावं, ‘चकमक’ हा शब्द काढावा, ‘पहिली’ हा शब्द काढावा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हरवले-सापडलेच्या खाली छापू नये. आई तिथपर्यंत पान उलटत नाही. कोणत्या रविवारी छापणार ते आधी कळवलंत तर बरं होईल, सध्या वेचणी सुरू आहे आणि ती सकाळीच वावरात जाते. त्या दिवशी तिला घरी थांबवून ठेवीन.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ