सुभेदाराची आंघोळ

कराड,
१४ जानेवारी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीचे पत्र अजून उत्तराविना पडून आहे, आणि आज संक्रांतीला तिळगुळाच्या पुडीऐवजी हे लांबलचक पत्र पाठवतो आहे. त्यात गोड बोलण्यासारखे फारसे काही नाही. माझा दमा आहे तसाच आहे, सुनंदाची साखर आटोक्यात आहे. तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे अरुणकडून कळले. उगाच जिने चढू नकोस. आता ज्यासाठी पहाटे चार वाजता दिवा लावून बसलो आहे, ते सांगतो.

माझ्या पायाशी आंब्याच्या रिकाम्या पेटीत एक पिल्लू झोपले आहे आणि मी त्याचे श्वास मोजतो आहे. दादांच्या गुऱ्हाळामागे चिपाडाच्या ढिगात एक कुत्री व्याली होती. पिल्लांचे डोळे उघडून आठवडाही झाला नसेल, तेवढ्यात ती उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. चारांपैकी दोन पिल्ले त्याच रात्री थंडीने गेली, एक गुऱ्हाळावरच्या पोराने नेले आणि उरलेले मी घरी आणले. मादी आहे. रंगावरून सुनंदाने तिचे नाव काकवी ठेवले. या वयात नवे लचांड कशाला, असे तू म्हणशील. सुनंदा ते आधीच म्हणून झाली आहे.

पहिल्या रात्री मी काय केले, ते नीट वाच. पिल्लू गारठलेले होते, म्हणून त्याच्या पोटात काहीतरी ऊन जावे एवढेच मला सुचले. तान्ह्या मुलाला घेतात तसे मी त्याला मांडीवर उताणे घेतले, मान वर धरली आणि ड्रॉपरने गायीचे कोमट दूध तोंडात सोडले. त्याला ठसका लागला आणि नाकातून दुधाचे दोन थेंब बाहेर आले. मी ते पुसले आणि पुन्हा दूध घातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे पोट लोहाराच्या भात्यासारखे चालू लागले. ती मान पुढे ताणून बसे, आडवी होईना, आणि हिरड्या राखेसारख्या फिकट दिसत होत्या. खोकला मात्र जवळजवळ नव्हता. दम्याच्या माणसाला ही बसण्याची तऱ्हा ओळखू येते, विनायक. रात्री दोन वाजता उशा रचून मीही तसाच बसतो. मिनिटाला बहात्तर श्वास मी दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा माझा मोजण्यावर विश्वास बसला नाही.

इथल्या पशुवैद्य बाई तरुण आहेत, पण बोलायला आपल्या कुलकर्णी सरांइतक्या स्पष्ट आहेत. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागातला पांढुरका डाग दाखवला. दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले, की ते बहुधा त्याच बाजूला उतरते आणि तिथे न्यूमोनिया धरतो. पिल्लू आईला पिते ते पोटावर, मान जेमतेम उचलून; उताणे घेऊन पाजले की दूध घशात आपोआप ओघळते आणि गिळणे न गिळणे त्याच्या हाती राहत नाही. शिवाय गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते, दूध त्यानंतर; अंग थंड असताना त्याला धड गिळताही येत नाही आणि पचवताही येत नाही. गायीचे दूधही त्याला पुरत नाही, कारण कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गायीच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. आता पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणली आहे आणि बाटलीच्या बुचाचे भोक एवढेच ठेवले आहे, की बाटली उलटी धरली तर थेंब पडावा, धार लागू नये.

दिवसातून दोनदा अँटिबायोटिकचे इंजेक्शन असते. माझ्याच नेब्युलायझरमधून तिला मिठाच्या निर्जंतुक पाण्याची वाफ देतो. यंत्र माझे, मास्क तिचा, अशी वाटणी सुनंदाने करून दिली आहे. वाफ झाली की तळहाताची ओंजळ करून तिच्या बरगड्यांवर मागून पुढे हलके हलके थापटायचे, म्हणजे आतला कफ सुटतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. माझ्या कपाटातले खोकल्याचे औषध थोडे द्यावे का, असे विचारले तेव्हा बाई जवळजवळ ओरडल्याच, कारण खोकला दाबला तर ती घाण बाहेर पडायला दुसरी वाटच उरत नाही.

आता तुला कळले असेल, मी हे सगळे तुलाच का लिहितो आहे ते.

१९८५ चा डिसेंबर आठव. सुभेदार साधारण महिन्याचा होता. रविवारी सकाळी पिसवा झाल्या म्हणून तू त्याला हॉस्टेलच्या हापशाखाली लाइफबॉय लावून आंघोळ घातलीस, बुधवारी तो गेला, आणि मी सगळ्या मेसदेखत तुला म्हणालो, "तू मारलास त्याला." त्यानंतर आपण निकाल लागेपर्यंत बोललो नाही. पण त्याच रविवारी रात्री, तो कुडकुडत होता म्हणून, मी त्याचे तोंड वर धरून चमच्याने हळदीचे दूध पाजले होते. त्यालाही ठसका लागला होता. तू तेव्हा खोलीत नव्हतास, बाळ्याबरोबर सिनेमाला गेला होतास, आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. लपवले असेही म्हणता येत नाही. दूध पाजणे ही सांगण्यासारखी चूक असते, हेच मला माहीत नव्हते. सोमवारपासून त्याचे पोट तसेच चालत होते आणि तोही मान पुढे ताणून बसला होता.

मी बाईंना सुभेदाराची हकीकत सांगितली, ती कबुली म्हणून नव्हे, तर सुटका होईल या आशेने. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर नावाचा साथीचा आजार असेल का, असे विचारले. तो गोवराच्या विषाणूचा भाऊबंद; त्यातही पिल्लांना न्यूमोनिया होतो, आणि तो असता तर आपण दोघेही निर्दोष सुटलो असतो. त्यांनी विचारले, डोळ्यांतून आणि नाकातून चिकट स्राव होता का, अंगाला झटके येत होते का? नव्हते. आंघोळीपर्यंत तो वऱ्हांड्यात बाळ्याची चप्पल ओढत फिरत होता. "मग सांगता येत नाही," असे म्हणून त्या थांबल्या. त्यांचे ते थांबणे मला पुरेसे बोलके वाटले. अर्थात तू त्याला गारठवले नसतेस, तर मी दूध घेऊन बसलो नसतो. हे वाक्य लिहायचे नाही असे ठरवले होते, पण तू मला ओळखतोसच.

डिस्टेंपरची भीती काकवीसाठी मात्र खरीच आहे. तू गीरच्या सहलीचे फोटो पाठवले होतेस, त्याच २०१८ च्या पावसाळ्याअखेर तिथले वीसहून अधिक सिंह दगावले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्यांच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. जो सिंहाला आवरत नाही, त्याच्यापुढे ही ओंजळभर पोर काय करणार? पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, आणि पुढे सोळा आठवड्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. तोवर तिला गुऱ्हाळाकडे न्यायचे नाही, आणि मीही बाहेरून आल्यावर चपला अंगणातच ठेवतो.

मधूच्या लग्नाचे कळले, आनंद झाला. तारीख ठरली की कळव, नक्की येऊ. नव्या घराचा पत्ताही लिही, नाहीतर पत्रे जुन्या भाडेकरूकडे जात राहतील.

आत्ता पुन्हा मोजले, चव्वेचाळीस भरले. गाढ झोपेत पस्तीसच्या आत आले पाहिजेत, असे बाईंनी सांगितले आहे. काल रात्री बावन्न होते. पण ती आडवी होऊन झोपली आहे, आणि ती आडवी झाली तेव्हा सुनंदाने मला उठवून ते दाखवले.

आणखी एक हिशेब राहिला. सुभेदाराला तू माझ्या निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळून पुरलेस, आणि त्या स्वेटरचे पस्तीस रुपये मी मेसच्या हिशेबात तुझ्याकडून कापून घेतले होते. तू काही न बोलता सही केलीस. त्या पस्तीस रुपयांचे व्याजासह आज किती होतात, ते तूच काढून कळव. जन्मभर बँकेत तू होतास.

तुझा,
दत्ता