पाऱ्याच्या दिव्याबद्दल, काका

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात प्रबंध सादर केला. आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, ती मनाला लागून राहिली. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

प्रयोगशाळेत क्रायोस्टॅटवरचा, म्हणजे सॅम्पल अतिथंड करणाऱ्या यंत्रावरचा, माझा पहिला महिना आठवतो का? काचेवर मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड या सौर पॅनेलसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या पदार्थाची पातळ फिल्म. हिरवा लेसर पडला की ती ७७० नॅनोमीटरच्या आसपास चमकते, डोळ्याला जेमतेम जाणवेल अशी गडद लाल. द्रव नायट्रोजन ओतून थंड करत गेले तशी चमक वाढली, तिच्यातल्या तरंगलांबींचा पट्टा अरुंद झाला. ते अपेक्षितच होतं. पण पट्ट्याचं शिखर सरकलं ते आणखी तांबड्याकडे! सिलिकॉन थंड केलं की बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर, वाढते; इथे ती घटत होती, म्हणून चमक तांबडी होत होती. फायलींची नावं उलटी पडली असं वाटून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही काही न बोलता पाऱ्याचा दिवा स्पेक्ट्रोमीटरच्या फटीसमोर धरलात. त्याची हिरवी रेषा नेहमीच्या ५४६.१ नॅनोमीटरवर, जागच्या जागी. "यंत्र बरोबर आहे बाळ, तुझं सॅम्पलच सरकतंय."

खरंच सरकत होतं. शिसं आणि आयोडिन यांच्या इलेक्ट्रॉन-कक्षिका जितक्या एकमेकींत शिरतात, तितकी व्हॅलन्स बँडची, म्हणजे भरलेल्या पातळ्यांची, वरची कड उंच चढते. थंडीत स्फटिकाची जाळी आकसते, कड वर येते आणि गॅप कमी होते. हे मला नंतर वाचून कळलं. पण त्या दिवशी दिवा नसता तर मी तो सगळा डेटा पुसून टाकला असता.

दुसरी गोष्ट १६० केल्विनची. तिथे स्फटिकाची टेट्रागोनल रचना मोडून वेगळ्या ठेवणीची, ऑर्थोऱ्हॉम्बिक होते आणि गॅप एकदम उडी मारून वाढते. माझी उडी थंड करताना १४० ला, तापवताना १७५ ला. तुम्ही झाकण काढून बोटाने दाखवलंत: तापमापक तांब्याच्या ठोकळ्यात, सॅम्पल जाड काचेवर, मधे ग्रीसचा एवढासा ठिपका. "तू आकडा तांब्याचा लिहितेस."

मग पातळ काच, ग्रीसचा सलग थर, दर ५ केल्विनला पंधरा मिनिटं थांबणं. रात्री उशिरापर्यंत तुम्ही पंपाशेजारी बसून राहायचात, ड्यूटी संपलेली असतानाही. दोन आकड्यांमधलं अंतर थोड्याच केल्विनवर आलं, आणि जे उरलं ते त्या पदार्थाचं स्वतःचं होतं.

आता याच स्फटिकाच्या ३३० केल्विनला होणाऱ्या रचना-बदलावर काम सुरू करते आहे, म्हणजे ५७ अंश सेल्सिअस. तुमच्या अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी छपरावरचं सौर पॅनेल एवढं सहज तापतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

१६० केल्विनच्या आलेखाची एक प्रत सोमवारी आणते. तुमच्या टेबलाच्या काचेखाली, वेळापत्रकाशेजारी जागा ठेवा.

तुमची,
क्रायोस्टॅटवाली